तीस हजारांत ऑनलाइन साड्यांचं दुकान: माल, हिशेब आणि पार्सल

ऑनलाइन कपड्यांचं दुकान काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी नाव शोधतात, मग लोगो करून घेतात, मग वेबसाइटवाल्याला फोन करतात. माल सगळ्यांत शेवटी येतो आणि तोवर हातातले निम्मे पैसे गेलेले असतात. हा लेख उलट्या क्रमाने लिहिलाय: आधी माल, मग हिशेब, मग पार्सल आणि जमलंच तर शेवटी वेबसाइट. घरातल्या एका कपाटात माल मावतोय, हातात साधारण ३०,००० रुपये आहेत आणि दिवसाचे दोन-तीन तास देता येतात, असं गृहीत धरलंय.

काय विकायचं?

कमी भांडवलात तयार कपड्यांपेक्षा साडी बरी, असं माझं मत आहे. कारण साधं आहे. कुर्त्याचं एक डिझाइन घेतलं की एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे किमान चार नग घ्यावे लागतात, कारण ठोक व्यापारी 'सेट'च देतो, सुटा नग देत नाही. दहा डिझाइन घेतली की चाळीस नग झाले. त्यातले एल आणि एक्सएल आठवड्यात जातात आणि एम कपाटात बसतात. शिवाय 'खांद्यात घट्ट होतोय', 'लांबी कमी पडली' म्हणून परत येणारी पार्सलं वेगळीच. साडीला साइज नसते. ओढणी, ड्रेस मटेरियल, ब्लाउज पीस यांनाही नसते. ज्यांना शिवणकाम येतं त्यांनी लहान मुलींचे परकर-पोलके किंवा शिवलेली नऊवारी घ्यावी, तिथे कारागिरीचा पैसा आपल्याच घरात राहतो. पण नुसती खरेदी-विक्री करायची असेल तर साइजच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नये.

साडीतही सगळं नको. 'आमच्याकडे सर्व प्रकारच्या साड्या मिळतील' असं लिहिणारं दुकान कुणाच्याच लक्षात राहत नाही. ऑफिसला नेसायच्या ५०० ते ९०० रुपयांतल्या सुती साड्या, किंवा फक्त इरकल आणि खण, किंवा फक्त हळदीकुंकवाला शोभतील अशा हलक्या काठपदराच्या. यातलं एक धरा. ग्राहक ओळखीचा असला की निवड सोपी जाते. तुमच्या ओळखीत शिक्षिका, बँकेतल्या बायका, नर्स जास्त असतील तर त्या रोज काय नेसतात, ते आधी बघा.

माल कुठून आणायचा?

सुरतच्या रिंग रोडवरच्या मार्केटची नावं सगळ्यांनाच माहीत असतात, आणि सिंथेटिक साडीला सुरतेसारखा भाव दुसरीकडे मिळणं कठीण. पण पहिल्या खरेदीला सुरत गाठू नका. तिथे नग मोठ्या संख्येने उचलणाऱ्यालाच खरा भाव मिळतो, आणि जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च छोट्या खरेदीवर भारी पडतो. घराजवळचं ठोक मार्केट बघा. कोल्हापूरकडच्या लोकांना गांधीनगर आहे, मुंबई-ठाण्याला काळबादेवीजवळचं मूळजी जेठा आणि मंगलदास मार्केट, नागपूरला गांधीबाग. तयार कपडे आणि जीन्सच घ्यायचे असतील तर उल्हासनगर. इरकल हवी असेल तर ती बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची आणि खण हवा असेल तर त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा; सांगली-सोलापूरच्या माणसाला दोन्ही फार लांब नाहीत.

मार्केटमध्ये पहिल्या फेरीत काही घेऊ नका, असं सांगितलं जातं. गाडीभाडं घालून रिकाम्या हातानं परतणं ३०,००० च्या माणसाला परवडत नाही, त्यामुळे मी तसं सांगणार नाही. सकाळी पोचा, दुपारपर्यंत सहा-सात दुकानं नुसती हिंडा, एकाच प्रकारच्या मालाचा भाव सगळीकडे विचारा आणि वहीत लिहा. जेवून परत या आणि मग घ्या. विचारायचे प्रश्न हे: सेट फोडून देता का? रंग निवडू देता का, की येतील ते घ्यायचे? डाग किंवा विणीतला दोष निघाला तर बदलून देता का आणि किती दिवसांत? पक्कं बिल देता का? हाच माल पुन्हा हवा झाला तर मिळेल का? शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही. 'लॉट'चा माल स्वस्त असतो, पण तो एकदाच येतो. एखादी साडी इन्स्टाग्रामवर चालली आणि पंधरा जणींनी मागितली, तर लॉटवाला हात वर करतो.

कापड तिथल्या तिथे तपासा. पिशवीत पांढरा रुमाल आणि पाण्याची बाटली ठेवा. रुमालाचं टोक ओलं करून काठावर आणि पदरावर जोरात घासा. रंग उतरला तर ती साडी पहिल्याच धुण्यात ग्राहकाच्या पांढऱ्या ब्लाउजची वाट लावणार आणि त्यानंतर तुमचा फोन वाजणार. दुसरी परीक्षा धाग्याची. काठाच्या आतून एक धागा काढून दुकानाबाहेर काडेपेटीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही तसाच येतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. 'प्युअर कॉटन, ताई' म्हणून दिलेल्या कितीतरी साड्यांच्या धाग्याला ही गोळी येते. मिक्स माल विकण्यात काही वाईट नाही, तो टिकतो, इस्त्री कमी लागते. फक्त तो 'कॉटन-मिक्स' म्हणूनच विकायचा. पैठणीचंही तसंच: येवला-पैठणच्या हातमागावरच्या साडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हजार रुपयांत मिळते ती यंत्रमागावरची सेमी पैठणी. तसं स्पष्ट लिहा. साडीची लांबीही उलगडून मोजा. साडेपाच मीटर साडी आणि ८० सेंटिमीटर ब्लाउज पीस हे नेहमीचं माप. स्वस्त मालात ते हमखास मारलेलं असतं.

माल न घेता दुसऱ्याचे फोटो पुढे पाठवून ऑर्डर आली की त्याच्याकडूनच परस्पर पाठवायचं, असंही बरेच जण करतात. भांडवल लागत नाही, हे खरं. पण कापड तुम्ही कधी हातातच घेतलेलं नसतं, आणि ग्राहकाच्या शिव्या मात्र तुम्हालाच खाव्या लागतात. बाजाराचा अंदाज घ्यायला महिनाभर करून बघायला हरकत नाही.

तीस हजारांची वाटणी

माल १७,००० रुपये. पॅकिंग १,२००. मार्केटचा प्रवास १,३००. फोटोसाठी हँगर, पडदा, ट्रायपॉड असं किरकोळ ५००. कुरिअरसाठी आगाऊ २,०००. जाहिरात २,०००. आणि ६,००० रुपये बाजूला, ज्यांना पहिले दोन महिने हात लावायचा नाही. हे सहा हजार म्हणजे परत येणारी पार्सलं आणि दुसऱ्या खरेदीला मध्येच सापडलेला चांगला माल यांची सोय.

आता एका साडीचा हिशेब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. ठोक भाव ४५० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २२ रुपये ५० पैसे. मार्केटच्या प्रवासाचा वाटा ३५. पिशवी, लेबल, चिकटपट्टी मिळून १२. कुरिअर ७५. झाले ५९४ रुपये ५० पैसे. ती साडी 'कुरिअरसह ७५०' अशी विकली तर हातात १५५ रुपये ५० पैसे उरतात. सतरा हजारांत अशा पस्तीस-छत्तीस साड्या येतात. सगळ्या विकल्या गेल्या तर साडेपाच हजारांच्या आसपास, तेही जाहिरातीचा खर्च न धरता. पहिल्या फेरीत नोकरी सोडण्याइतका पैसा यात नाही, हे आधीच कळलेलं बरं. पैसा वाढतो तो फेऱ्यांनी. हेच १७,००० रुपये वर्षात दोनदा फिरले की सहादा, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून न खपणारी साडी चार महिने जपून ठेवण्यापेक्षा खरेदीच्या भावात काढून टाकलेली परवडते.

आता कॅश ऑन डिलिव्हरीचं बघा. ग्राहकाने दारात पार्सल नाकारलं तर जाण्याचे ७५, येण्याचेही बहुधा तेवढेच, आणि पॅकिंगचे १२. एकूण १६२ गेले. म्हणजे एक परत आलेलं पार्सल विकलेल्या एका साडीचा सगळा नफा खातं आणि वर थोडं आणखी. शिवाय साडी आठ-दहा दिवस रस्त्यावर अडकते आणि चुरगळून येते ती वेगळीच. त्यामुळे सुरुवातीला फक्त आगाऊ पैसे घ्या. लोक विश्वास ठेवत नाहीत, अशी तक्रार असेल तर मधला मार्ग आहे: कुरिअरपुरते १०० रुपये आधी, बाकीचे दारात. शंभर रुपये भरलेला माणूस सहसा पार्सल नाकारत नाही.

कागदपत्रं

इथे घाबरून जायचं कारण नाही, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. 'चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही' हे अर्धंच वाक्य आहे. वस्तू विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उलाढालीची ती मर्यादा आहे खरी, पण राज्यातल्या राज्यात विकलं तर. माल राज्याबाहेर गेला की साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हातमाग आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तेवढी अटींसह सवलत आहे. कोल्हापूरच्या माणसाला निपाणी पुण्याहून कितीतरी जवळ, पण निपाणी कर्नाटकात. पणजी, बेळगाव, इंदूरचं मराठी गिऱ्हाईक हवं असेल तर नोंदणी करावीच लागेल. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोसारख्या ठिकाणी विकायलाही पूर्वी सरसकट नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना नोंदणीऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन तिथे विकता येतं.

पहिले तीन महिने महाराष्ट्रातच विकावं आणि धंदा चालतोय असं दिसलं की नोंदणी करावी, असं मी सांगेन. सरकारी फी नाही. घरचा पत्ता चालतो, लाइट बिल आणि घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र लागतं. मात्र एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दिवसागणिक विलंब शुल्क चढतं. वरच्या हिशेबात फरक किती पडतो? खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो, त्यामुळे ७५० च्या साडीमागे तेरा-चौदा रुपये आणखी जातील. तयार कपडे विकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के कर आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आधार क्रमांकावर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्याचे दोन हजार मागणारी बनावट संकेतस्थळं गूगलवर आधी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. एकट्याने किंवा मोजक्या कामगारांवर चालणाऱ्या धंद्याला गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखालची, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. चालू खातं उघडताना बँक बहुधा या सूचनेची पावती मागते. आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. घरच्या किराण्याच्या यूपीआयमध्ये साडीचे पैसे मिसळले की नफा झाला की तोटा, हे तुम्हालाच सांगता येत नाही.

फोटो

सकाळी नऊ ते अकरा, खिडकीसमोर, ट्यूबलाइट बंद. फ्लॅश नको. मोबाइलचं कुठलंही फिल्टर नको. साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. फोटोत कागद निळसर किंवा पिवळट दिसला तर साडीचा रंगही खोटा आलाय असं समजा. मोरपंखी आणि जांभळा हे दोन रंग मोबाइलला हमखास चकवतात, तिथे 'प्रत्यक्षात किंचित गडद' असं शब्दांत लिहा. एका साडीचे पाच फोटो पुरेत: पूर्ण साडी, पदर, काठ जवळून, ब्लाउज पीस आणि उलटी बाजू. उलट्या बाजूचा फोटो फारसं कुणी टाकत नाही, पण साडी नेसणारी बाई आधी तेच बघते, धागे लोंबतायत का ते. वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, त्यात हाताने निऱ्या घालून दाखवा म्हणजे कापड फुगतं की चापून बसतं ते कळतं. घरातली एखादी वहिनी किंवा मावशी नेसून उभी राहिली तर फारच चांगलं. दुसऱ्याच्या पेजवरचे फोटो उचलू नका. ते पकडले जातात आणि प्रत्यक्ष साडी वेगळी निघाली की भांडण तुमच्या दारात येतं.

विकायचं कुठे?

व्हॉट्सॲप बिझनेस, तेही वेगळ्या नंबरवर. ते फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला पहिल्यांदा हेच सांगायचं की नंबर सेव्ह करा. सोसायटीच्या आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर रोज साड्या टाकू नका, लोक तोंडावर बोलत नाहीत पण म्यूट करतात. इन्स्टाग्राम नव्या लोकांपर्यंत पोचायला आणि व्हॉट्सॲप सौदा करायला, अशी विभागणी चालते. जाहिरात सुरुवातीला दिवसाला शंभर रुपयांची, तीही जो व्हिडिओ आपोआप चाललाय त्याचीच, आणि फक्त तुमच्या आसपासच्या दोन-तीन जिल्ह्यांत.

'प्राइस प्लीज' विचारणाऱ्यांना 'इनबॉक्स केलंय' असं उत्तर देण्याची पद्धत मला पटत नाही. किंमत फोटोवरच लिहा. निम्मा वेळ वाचतो.

वेबसाइट? महिन्याला चाळीस-पन्नास ऑर्डर व्हायला लागल्या की बघू. तोवर तिचं भाडं म्हणजे दरमहा काही साड्यांचा नफा.

पैसे घेताना एक पथ्य पाळा: स्क्रीनशॉटवर विश्वास नाही. खात्यात जमा झाले का ते बँकेच्या ॲपमध्ये बघायचं, मगच पार्सल बांधायचं. बनावट स्क्रीनशॉट करणारी ॲप सर्रास आहेत. आणि 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणणारा चोर असतो. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

पार्सल

कुरिअरचा दर बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो. सुती साडी ब्लाउज पीससह साडेचारशे-पाचशे ग्रॅम भरते. त्यात जाड पुठ्ठा आणि खोका घातला की काटा ५०० च्या वर जातो आणि तुम्ही एका किलोचे पैसे भरता. दुसरा फटका आकारमानाचा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायची. येईल ते किलोतलं वजन, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त असलं तर पैसे त्याचे. ३० बाय २५ बाय ८ चा खोका म्हणजे १ किलो २०० ग्रॅम, आत साडी अर्ध्या किलोची असली तरी. म्हणून पातळ प्लास्टिक पिशवीत साडी, वर कुरिअरची चिकट तोंडाची पिशवी, हवा दाबून काढलेली. खोका फक्त भेट म्हणून पाठवायचं असेल तेव्हा, आणि त्याचे पैसे वेगळे.

एकाच कुरिअरशी करार करण्यापेक्षा अनेक कुरिअरचे दर एकत्र दाखवणाऱ्या शिपरॉकेटसारख्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून दर ताडून बघता येतो. खेड्यातल्या पत्त्यांना मात्र पोस्टाचं स्पीड पोस्ट अजूनही भरवशाचं वाटतं. पोस्टमनला घर माहीत असतं. पत्ता घेताना पिनकोड, जवळची खूण आणि दुसरा फोन नंबर मागून घ्या.

पार्सल बांधण्याआधी साडी पूर्ण उलगडून डाग, भोक, विणीतला दोष बघा आणि त्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. परतीचा नियम मराठीत, चार ओळींत, कॅटलॉगमध्ये लावा: दोष निघाला तर किती दिवसांत कळवायचं, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ लागेल का, परतीचं कुरिअर कुणाकडे, पैसे किती दिवसांत परत. शेजारी तुमचं नाव, पत्ता आणि तक्रारीचा नंबर. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही ही माहिती ग्राहकाला दिसली पाहिजे असंच आहे.

खरेदीची वेळ

मराठी घरांत साडी पंचांगाने खपते. संक्रांतीच्या काळ्या साड्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात हव्यात, म्हणजे फोटो पंधरवड्यात लागतात. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेवढीच मुदत. त्यानंतर उरलेली काळी साडी पुढच्या डिसेंबरपर्यंत कपाटात. म्हणून काळी मोजूनच घ्या. नवरात्रीच्या नऊ रंगांचं वेगळं आहे. ऑफिसातल्या बायकांना त्या त्या दिवशी तो रंग हवाच असतो, पण किमतीला त्या हात आखडतात, एका दिवसासाठी कोण महाग घेणार? तिथे हलक्या भावाच्या साध्या साड्या चालतात, आणि गणपती संपायच्या आत त्यांचे फोटो लागायला हवेत. पितृपक्षात विक्री थंडावते, तेव्हा नवरात्रीनंतरचा माल आणायचा आणि त्याचे फोटो उरकायचे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना उद्यापनाच्या वाणासाठी सात-आठ सारख्या साड्या एकदम मागणारी एखादी काकू भेटते, तिला ठोकात थोडी सूट देऊन कायमची बांधून घ्या.

पहिल्या मालातल्या साधारण दोन तृतीयांश साड्या गेल्या की पुढची खरेदी करा, सगळ्या संपायची वाट बघू नका. जाताना विक्रीची वही बरोबर न्या आणि जे रंग आठवड्याच्या आत गेले तेच आधी उचला, तुम्हाला स्वतःला आवडलेले नंतर.